डेकसाठी वॉटरप्रूफ बूट हवेत: उंच घ्यावेत की घोट्याएवढे?

सुकाणू_शिकतोय

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी मी आणि एका मित्राने भागीत जुनी फायबरची होडी घेतली. अठरा फुटी आहे, मागे इंजिन, पुढे जेमतेम दोघं उभे राहतील एवढा डेक. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन जातो. महिन्यातून एखाद्या वेळी मित्राच्या काकांच्या मोठ्या बोटीवर जाळं ओढायला हात लावतो.

आजवर पायात शेतात घालतात तसले काळे पीव्हीसीचे गमबूट होते. पाण्याचा थेंब आत येत नाही, पण चार तासांनी बूट काढले की मोजे पिळून काढावे लागतात इतका घाम. पांढऱ्या डेकवर काळे ओरखडेही उठलेत. तेवढं चाललं असतं. पंधरा दिवसांपूर्वी मात्र एक बरा मोठा मासा होडीत घेतला, त्याने दोन फडके मारले, डेकवर खवले आणि चिकटा पसरला. तेवढ्यात बाजूने गेलेल्या बोटीची लाट आली आणि माझे दोन्ही पाय एकदमच निसटले. माकडहाडावर आदळलो. अजून कठीण खुर्चीवर बसवत नाही.

आता नीट बूट घ्यायचे ठरवलंय. पोटरीपर्यंतचे घ्यावेत की घोट्याएवढे? रबर, पीव्हीसी, निओप्रीन, पीयू (पॉलीयुरेथेन) यांत काय निवडावं? सगळ्यांवरच 'अँटी-स्लिप' लिहिलेलं असतं, त्यातला खरा कसा ओळखायचा? पुढे पोलादी टोपी असलेले घ्यावेत का? आणि एक भीती मनात घर करून बसलीय. काका म्हणतात, उंच बूट घालून पाण्यात पडलास तर ते भरतील आणि तुला तळाला नेतील. हे खरं असेल तर मी उंच बूट घेणारच नाही.

घोटाभर_पाणी

मी तीन वर्षं घोट्याएवढेच वापरतोय, साधारण सहा इंच उंचीचे. पाय पटकन आत जातो, पटकन निघतो, उन्हात पोटऱ्या उकडत नाहीत. तळ्यावर, खाडीत, छोट्या होडीत याहून जास्त काही लागत नाही. किनाऱ्याला होडी लावताना मात्र गुडघाभर पाण्यात उडी मारलीत तर बूट भरणारच. मी तेव्हा बूट काढून होडीत ठेवतो आणि अनवाणी उतरतो. तळाशी शिंपल्या असतील तिथे हे करू नका.

दोरखंड

आधी दुखण्याचं. बसताना दुखणं हळूहळू कमी होत असेल तर ठीक, पण पायाला मुंग्या किंवा बधिरपणा जाणवत असेल तर आजच डॉक्टरकडे जा. अंगावर काढू नका.

आता बुटांचं. मी सव्वीस वर्षं बोटींवर काढली, त्यातली बरीच जाळ्यावर, आता स्वतःची छोटी होडी आहे. तुमच्या प्रश्नाची सुरुवात पाण्यापासून होते. पण तुम्ही पडलात ते बुटात पाणी शिरलं म्हणून नव्हे. पाणी अडवणं हे बुटाचं सगळ्यात सोपं काम. एका साच्यातून निघालेल्या बुटाला शिवणच नसते, पाणी शिरणार कुठून? तुमचे आत्ताचे बूटही ते काम चोख करतायत. डेकवरच्या बुटाने आधी तुम्हाला उभं ठेवलं पाहिजे आणि वेळ आली तर पायातून निघालं पाहिजे. बूट निवडताना मी या दोनच गोष्टींवर अडून बसतो.

जुना बूट उलटा करून बघा. शेताच्या बुटाला खोल, एकमेकांपासून लांब असे ठोकळे असतात. ते मातीत रुततात आणि धरून ठेवतात. फायबरच्या डेकमध्ये रुतायला काय आहे? तिथे ठोकळ्यांची नुसती टोकं टेकतात. त्यातून पीव्हीसी कडक, थंडीत आणखी कडक. खाली खवल्यांचा चिकटा आला की त्या टोकांची चाकं होतात. डेकला हवा सपाट, मऊ रबराचा तळ आणि त्यात जवळजवळ कापलेल्या बारीक चिरा. पाय टेकला की मधलं पाणी चिरांमधून बाजूला जातं आणि रबर थेट डेकला भिडतं. १९३५ साली पॉल स्पेरी नावाच्या अमेरिकन दर्यावर्दीने बोटीवरचा पहिला असा जोडा काढला. त्याला ही युक्ती सुचली ती बर्फावरून न घसरता धावणाऱ्या आपल्या कुत्र्याचे पंजे बघून. पंजाच्या गादीवरच्या बारीक भेगा त्याने रबरी तळावर कापल्या. नव्वदएक वर्षं झाली, चांगल्या डेकबुटाखाली अजून त्याच जातीच्या चिरा दिसतात, कुठे नागमोडी, कुठे व्हीच्या आकाराच्या.

'अँटी-स्लिप' हे शब्द सोडून द्या, ते कोणीही छापतं. दुकानात अंगठ्याचं नख तळात दाबा. खूण उमटून सावकाश भरून आली तर रबर मऊ आहे. नख नुसतं सरकलं तर बूट परत ठेवा. मग बूट चवड्याजवळ वाकवा. सहज वाकला पाहिजे, कारण डेक हलतो तेव्हा तळव्याला तो खालून जाणवावा लागतो. युरोपीय मापदंडाचा शिक्का असेल तर तोही बघा. ईएन आयएसओ २०३४७ हा कामावरच्या पादत्राणांचा, २०३४५ हा बोटांवर संरक्षक टोपी असलेल्यांचा. जुन्या शिक्क्यात एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फरशीवरची चाचणी, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादावरची, एसआरसी म्हणजे दोन्ही पार. २०२२ च्या आवृत्तीपासून ही अक्षरं जाऊन साधी पकड सगळ्यांनाच सक्तीची झाली आणि वरची पायरी पार करणाऱ्याला नुसतं एसआर मिळतं. शिक्का असणं चांगलंच. पण ही परीक्षा फरशीवर झालेली असते, तुमच्या डेकवर नाही.

म्हणून घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, एक करा. होडीतल्या खणाचं फायबरचं झाकण काढून आणा. त्यावर भांडी घासायच्या साबणाचं पाणी ओता. बुटात पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली उभी करा आणि झाकणाची एक बाजू हळूहळू उचला. बूट कुठल्या उंचीला सुटतो ते मोजा. शेजारी जुना बूट ठेवून तसंच करा. फरक डोळ्यांना दिसतो.

तळाचा रंगही बघा. काळेपणा काजळीचा असतो आणि पुष्कळ काळे तळ पांढऱ्या डेकवर रेघा ओढतात. 'नॉन-मार्किंग' लिहिलेला फिकट किंवा मातकट तळ घ्या. आणि मऊ रबर लवकर झिजतं, तेव्हा हे बूट घालून धक्क्याच्या सिमेंटवर फिरू नका. मी होडीपर्यंत चपलांवर जातो आणि आत चढल्यावर बूट घालतो. तळाच्या चिरांत वाळू बसली की पकड जाते, डेकही खरवडला जातो.

उंची. तुमच्या होडीत गळ टाकायला घोट्याएवढे पुरतात, वर लिहिलंय ते बरोबर आहे. पण जाळं ओढायला जाणार असाल तर पोटरीपर्यंतचे, साधारण पंधरा इंची. जाळ्यातून निथळणारं पाणी नडगीवरून थेट आत उतरतं. एकच जोड घ्यायचा असेल तर उंच, पण मऊ रबराचा, म्हणजे उन्हात वरचा भाग दोन घड्या घालून खाली मुडपता येतो. पीव्हीसी असा मुडपत नाही. पावसाळी पँट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचलीत तर पँटवरचं सगळं पाणी बुटात.

कशाचा घ्यावा? नैसर्गिक रबर मऊ आणि पकडीला उत्तम, पण डिझेल, माशाचं तेल आणि ऊन त्याला खातं. आधी फुगतं, मग वाकण्याच्या जागी बारीक तडे जातात. निओप्रीन हे त्यावरचं उत्तर. १९३० साली ड्यूपाँ या अमेरिकन रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं हे कृत्रिम रबर तेल आणि ऊन दोन्ही जास्त सोसतं. इथे एक गोंधळ टाळा. बूट घट्ट निओप्रीन रबराचा असणं वेगळं आणि आत निओप्रीनच्या फोमचं जाड अस्तर असणं वेगळं. फोमचं अस्तर थंड पाण्यासाठी. तुमचे मोजे आत्ताच पिळावे लागतात, तुम्ही ते घेऊ नका. पीयूत हवेचे बारीक बुडबुडे असतात म्हणून तो हलका आणि उबदार, दिवसभर उभं राहायला पायाला बरा. पण काही जातींचा पीयू दमटपणाने वर्षानुवर्षांत आतून सुटत जातो, नुसता कपाटात ठेवला तरी. रोज वापरणाऱ्याने घ्यावा, वर्षातून चारदा वापरणाऱ्याने नको.

आता काकांची भीती. विहिरीतून पाणी शेंदलं असेल तर आठवा. भरलेली बादली पाण्याखाली असते तोवर हाताला लागतच नाही, पाण्याबाहेर आली की दोर खांदा ओढतो. बुटाचं तसंच. पाण्यातल्या पाण्याला पाण्यात वजन नसतं, म्हणून भरलेला बूट तुम्हाला तळाला नेत नाही. पण काकांची भीती पोकळ नाही. बूट घालून पाय मारता येत नाहीत, आणि होडीच्या काठावरून वर चढताना तेच पाणी एकदम वजनदार होतं, तेव्हा अंगात जोर उरलेला नसतो. पाणी थंडगार असेल तर दहाएक मिनिटांत हाताची बोटं ऐकेनाशी होतात. तेव्हा लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे. आणि बूट हात न लावता निघाला पाहिजे. एका पायाच्या टाचेवर दुसऱ्याचा चवडा दाबायचा आणि पाय ओढायचा. शांत, कमरेएवढ्या पाण्यात जॅकेट घालून, सोबत कोणाला तरी उभं करून हे करून बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा डावा लगेच निघाला, उजवा निघेना. मोजा जाड होता आणि बूट अर्धा नंबर लहान. तो जोड मी त्याच आठवड्यात बदलला.

बूट निघण्यावर मी एवढा का अडतो ते सांगतो. नांगर टाकत होतो, पाणी खोल होतं, दोर वेगाने सुटत होता. माझ्या सोबत्याचा पाय दोराच्या वेढ्यात पडला. हाक मारायलाही वेळ नव्हता. तो काठापर्यंत ओढला गेला आणि तिथे बूट पायातून निघाला. बूट दोराबरोबर पाण्यात गेला, माणूस एका मोज्यावर डेकवर राहिला. बराच वेळ तो त्या मोज्याकडेच बघत बसला होता. त्या दिवशी त्याच्या पायात नाड्यांचे बूट असते तर मला पुढचं लिहवलं नसतं. म्हणून नाड्या नकोत, बक्कल नको, दोर अडकेल असं काहीही नको. बाहेरून गुळगुळीत बूट घ्या. आणि दोराच्या वेढ्यात पाय ठेवू नका, पायात कुठलेही बूट असोत.

पोलादी टोपी मोठ्या बोटीवर बर्फाचे आणि मासळीचे खोके हलवणाऱ्यांसाठी. तुम्हाला नको.

गळवाली

दोरखंड दादांनी लिहिलेलं सगळं पटलं. मापाबद्दल मी भर घालते, कारण त्यात मी दोन वर्षं चुकत होते.

माझा पाय लहान आणि अरुंद. हाताशी मिळतात ते बहुतेक पुरुषांच्या मापाचे, तेही पूर्ण नंबरात, अर्धा नंबर नाहीच. मी मोठा नंबर घेऊन दोन मोजे घालत असे. पाय आत पुढेमागे सरकायचा, आणि आत पाय सरकत असेल तर तळाची पकड कितीही चांगली असली तरी काय उपयोग? बूट डेकला चिकटलेला आणि मी बुटात घसरतेय. शेवटी लहान नंबर घेतला, आतली गादी काढून तिच्या जागी पातळ गादी घातली, चवड्याला जागा झाली. चालताना टाच किंचित उचलली जाते, तेवढं चालतं. चवडा बाजूला सरकता कामा नये. बूट संध्याकाळी घालून बघा, दिवसभरात पाय सुजलेला असतो, आणि डेकवर जे मोजे घालणार तेच मोजे घालून.

घामाचं: रबरी बूट पाणी आत येऊ देत नाही तसा घामही बाहेर सोडत नाही, कुठलाच नाही. सुती मोजे ओले झाले की ओलेच राहतात आणि पाय पांढरे, सुरकुतलेले पडतात. मी पातळ लोकरीचे मोजे घालते आणि एक जोड कोरड्या डब्यात ठेवते. दुपारी बदलते. बोटांच्या बेचक्यात खाज सुरू झाली होती, ती या एका बदलाने थांबली.

आणि वाळवणं. घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने बाहेरून धुवायचे, तळाच्या चिरा जुन्या दातांच्या ब्रशने. आतली गादी बाहेर काढायची. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे. सावलीत. मी एकदा घाई म्हणून इंजिनाच्या गरम झाकणावर ठेवले, तळ आणि वरचा भाग जिथे जोडतात तिथला डिंक सुटला. नवे होते, दोन महिन्यांचे. फार जीव तुटला.

सुकाणू_शिकतोय

सगळ्यांचे मनापासून आभार. दुखणं आता उतारावर आहे, मुंग्या नाहीत, तरी डॉक्टरांना दाखवून आलो.

दोरखंड दादा, तुम्ही सांगितलेली झाकणाची परीक्षा काल केली. तीन फूट लांबीचं झाकण होतं. माझा जुना बूट एक वीतभर उचलल्यावरच सुटला, आणि सुटला तो थेट खालपर्यंत. मित्राने मऊ तळाचे, नागमोडी चिरांचे आणलेत, त्यांतला एक ठेवला. तो जवळजवळ दुप्पट उंचीपर्यंत जागचा हलला नाही, नंतरही थोडा सरकून पुन्हा थांबला. ते बघून मी कोणत्या गोष्टीवर उभा होतो ते कळलं. काकांनाही बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतःचा बूट मागवून ठेवला आणि काही न बोलता घरी घेऊन गेले.

उंच, मुडपता येणारे, मातकट तळाचे रबरी घेतोय. दोन गोष्टी राहिल्या. गळ चुकून बुटात घुसला तर भोक बुजवता येतं का? आणि डेकवरचे काळे ओरखडे कसे काढू?

दोरखंड

काकांना बोलावलंत हे फार चांगलं केलंत.

भोक: गळ उलटा ओढून काढू नका, काटा रबर फाडतो. टोक पुढे ढकलून बाहेर काढा, काटा पकडीने तोडा आणि मग गळ मागे घ्या. गळ पायातही घुसला असेल तर बुटाचा विचार सोडा, बूट कापा आणि डॉक्टरकडे जा. रबरी बुटाला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि ठिगळ चालतं. जागा आधी पॉलिशकागदाने घासायची, पुसून पूर्ण कोरडी करायची, सोल्युशन लावून ते सुकू द्यायचं आणि मगच ठिगळ दाबायचं. पीव्हीसीवर हे ठिगळ धरत नाही, त्याला त्याचा वेगळा डिंक लागतो. भोक नक्की कुठे आहे ते कळत नसेल तर अंधारात बुटाच्या आत टॉर्च लावा. तरीही दिसलं नाही तर बूट पाण्याने भरून वर्तमानपत्रावर उभा करा. वाकण्याच्या घडीत तडा असेल तर ठिगळ टिकणार नाही, तो बूट संपला.

ओरखडे: खायच्या सोड्यात पाण्याचे थेंब घालून घट्ट लगदा करा आणि ओल्या फडक्याने हलक्या हाताने घासा. एका दमात निघाले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तारेची घासणी लावू नका, फायबरची चकाकी जाते आणि तिथे मळ बसत राहतो.

जुने गमबूट टाकू नका. ओहोटीला होडी चिखलात बसली की ढकलायला उतरावं लागतं, तिथे त्या ठोकळ्यांना रुतायला जागा मिळते. एका गोणीत घालून पुढच्या खणात ठेवा.